वेखंड: तान्ह्याच्या गुटीत उगाळायचं का, आणि मोठ्यांनी घ्यायचं तर किती?

चिमणीची_मावशी

घरात सव्वादोन महिन्यांची चिमणी आहे. बारशाच्या सामानात बाळगुटीचा पुडा आला आणि तेव्हापासून रोज सकाळी तोच वाद. आजी म्हणते वेखंडाचा एक वेढा द्यायचाच, पोट फुगत नाही आणि पुढं बोलायला लवकर लागतं. डॉक्टर म्हणतात सहा महिने आईच्या दुधाशिवाय थेंबही नको. मी मधल्या मध्ये गोंधळलो म्हणून इथं विचारतो.

आधी एक साधं सांगा. कोल्हापुरात महाद्वार रोडवर दोन दुकानांत वेखंड मागितलं तर दोन वेगळ्या कांड्या मिळाल्या. एक फिकट तपकिरी, चपटी, हलकी. दुसरी तांबूस, कडक, आल्यासारखा वास येणारी. यातलं वेखंड कुठलं?

दुसरं, आजोबांना पावसाळ्यात कफ होतो. ते वेखंडाची पूड चिमूटभर मधातून रोज चाटतात, चार महिने सलग. चालतं का? किती चालतं?

तिसरं, टाळूला पूड, छातीला लेप, शेगडीवर धुरी, मनगटात वेखंडाचा मणी, तांदळाच्या डब्यात कांडी, हे सगळं घरात चालू आहे. यातलं काय ठेवू आणि काय बंद करायला सांगू? "सगळंच वाईट" किंवा "नैसर्गिक आहे, काही होत नाही" असली उत्तरं नकोत, ती घरातच भरपूर मिळतात.

---

सहाणेवरचा_वैद्य

कांडीपासून सुरू करतो, कारण निम्मा घोळ तिथंच होतो.

फिकट तपकिरी, हलकी ती वेखंड. ते खरं तर मूळ नाही, चिखलात आडवं वाढणारं खोड आहे. बोटाएवढं जाड, थोडं चपटं. वरच्या बाजूला पानं गळून गेल्याचे त्रिकोणी वण आणि खालच्या बाजूला मुळं तुटल्याचे बारीक गोल ठिपके असतात. मोडलं की आत पांढरट-गुलाबीसर, थोडं स्पंजासारखं. वास उग्र, संस्कृतात उग्रगंधा म्हणतात ते उगीच नाही. जिभेला लावलं तर कडू आणि मग तिखट.

तांबूस, कडक, आल्यासारखी ती कोळिंजन. आल्याच्याच कुळातली. तिच्यावर फिक्या रंगाच्या नागमोडी कड्या असतात, मोडताना रेषा निघतात, चव झणझणीत तिखट. घसा बसला की तोंडात धरतात ती हीच. विषारी वगैरे नाही, पण वेखंडही नाही. हिंदी नावांनी अजून गुंता वाढतो: घोडवच म्हणजे आपलं वेखंड, 'बालवच' किंवा 'पारसीक वचा' या नावाखाली मात्र भलत्याच वनस्पतींची मुळं विकली जातात. त्यामुळं पूड कधीच विकत घेऊ नका. पुडीत काय दळलंय ते वासावरून सांगता येत नाही. अखंड कांडी घ्या, वण-ठिपके बघा, मोडून वास घ्या. बुरशीचे पांढरे-हिरवे डाग असतील किंवा कांडी वजनाला पोकळ लागत असेल तर परत करा.

आता आजोबांची चिमूट. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात वचाचूर्णाची (वचा म्हणजे वेखंडच) मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम आहे. त्याच नोंदीत उलटी करवण्यासाठीची मात्रा आहे १ ते २ ग्रॅम. म्हणजे औषध आणि ओकारी यांच्यात जेमतेम दहापट अंतर. अंगठा-तर्जनीची चिमूट कुणाची २०० मिलिग्रॅमची, कुणाची ४०० ची. चिमूटभर म्हणत आजोबा रोज दुप्पट-चौपट घेत असण्याची शक्यता आहे. आणि कुणी 'अर्धा चमचा घ्या' सांगितलं तर ते सरळ उलटीचं औषध झालं.

जुने लोक हे गुंजेनं मोजायचे. एक गुंज साधारण १२५ मिलिग्रॅम, म्हणजे मात्रा अर्धी ते एक गुंज. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खाली खरा नसतो. गुजरीत कुठल्याही सराफाकडं दहा मिलिग्रॅमपर्यंत अचूक काटा असतो. एकदा १२० मिलिग्रॅम तोलून कागदावर बघून घ्या, डोळ्यांना सवय होते. दिसायला ती अगदीच किरकोळ दिसते आणि लोकांना 'एवढ्यानं काय होणार' वाटतं, तिथंच हात सैल सुटतो. (गुंजेचे दाणे मात्र हौसेनं घरात आणून ठेवू नका. फुटलेला दाणा पोटात गेला तर जिवावर बेततं, आणि लाल-काळा रंग बघून पोरं तोच तोंडात घालतात.)

चार महिने सलग, हे तर नकोच. वचा उष्ण आणि तीक्ष्ण. चरकानं ती लेखनीय आणि संज्ञास्थापन या गणांत धरली आहे. लेखनीय म्हणजे खरवडून काढणारी, संज्ञास्थापन म्हणजे शुद्धीवर आणणारी. कफ साठलाय तोवर आठ-दहा दिवस, मग थांबायचं. आजोबांना आम्लपित्त, अल्सर, रक्ती मूळव्याध किंवा नाकातून रक्त येण्याचा त्रास असेल तर तेवढंही नको.

पोटात घ्यायची ती शोधन केलेली. कांडी गोमूत्रात, मग मुंडी या वनस्पतीच्या काढ्यात, मग पंचपल्लवाच्या (पाच झाडांच्या पानांच्या) काढ्यात क्रमानं उकडून शेवटी गंधोदकाची (सुगंधी द्रव्यांच्या पाण्याची) वाफ देतात. दुकानातली कच्ची कांडी दळून थेट मधात कालवणं ही शास्त्राची पद्धत नाही, घरातली आहे.

---

बालरोग_ओपीडी

वर मोठ्यांबद्दल लिहिलंय त्यातल्या एका मुद्द्याला हरकत घेणार आहे, पण आधी चिमणी.

तिच्या तोंडात वेखंड नको. एक वेढाही नको. कारणं एकात एक अडकलेली आहेत.

हिशोब बघा. साठ किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम ही वरची हद्द. चार किलोच्या बाळाला वजनाच्या मानानं ८ मिलिग्रॅम झाले. मुगाचा एक दाणा ३०-४० मिलिग्रॅम भरतो. म्हणजे मुगाच्या दाण्याचा चौथा-पाचवा हिस्सा. सहाणेवर एक वेढा दिल्यावर किती उतरतं हे सहाण किती खरबरीत, कांडी ओली की सुकी, हाताचा जोर किती यावर ठरतं. आजीच्या हातानं एक वेढा आणि तुमच्या हातानं एक वेढा यांत सहज तिप्पट फरक पडेल. ज्या औषधाची मात्रा मोजताच येत नाही ते दोन महिन्यांच्या जिवाला द्यायचं नाही. शिवाय हा हिशोब नुसता वजनाचा आहे. तान्ह्याचं यकृत अजून तयार होत असतं, मोठ्या माणसाची छोटी प्रत नसतं ते.

काय बिघडतं? लाळ, उलट्या, पातळ शी, सुस्ती. उलट्या एकदा होऊन थांबत नाहीत, कित्येक तास चालू राहू शकतात. मोठा माणूस तेवढ्यानं फक्त हैराण होतो, चार किलोचं बाळ कोरडं पडतं. जास्त गेलं तर झटके. सुस्तीचा घोळ वेगळाच: बाळ शांत झोपलं म्हणून घरचे खूश होतात, 'गुटी मानवली' म्हणतात. जायफळाचंही तेच. ती झोप गुणाची नसते, गुंगीची असते, आणि गुंगीतलं बाळ दूध ओढत नाही.

सहाण आणि पुडा हाही प्रश्न आहेच. पंधरा-वीस कांड्या, रोज ओल्या होतात, फडक्यात गुंडाळून परत डब्यात. कोल्हापूरच्या जुलैत फडकंच वाळत नाही तिथं कांड्या काय वाळणार. बुरशी धरते, जंतू वाढतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच दुधात उगाळलं जातं. पहिल्या सहा महिन्यांत जुलाबाचं हे अगदी नेहमीचं कारण.

पोट फुगतं म्हणता, तर पाजून झाल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, पाजताना तोंडात स्तनाग्रासह काळा भाग नीट जातोय ना ते बघा, दिवसातून काही वेळ पालथं ठेवा (जागं असताना आणि कुणी समोर असताना). संध्याकाळचं रडणं सहसा सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरतं. गुटी सुरू केल्यावर ते थांबलं असं वाटतं कारण ते तसंही थांबणारच होतं.

बोलण्याचं. वचा आणि वाचा एकाच वच् धातूपासून, त्यातून ही समजूत इतकी घट्ट बसली. जिभेला वेखंड-मध चाटवलं म्हणून बोलणं लवकर येत नाही. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको: त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि बाळ लुळं पडतं. बोलण्यासाठी खुणा लक्षात ठेवा. वर्षभरात बडबड किंवा बोट दाखवणं नाही, सोळा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, यातलं काहीही असेल तर आधी कानाची तपासणी. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांना सांगितलं तरी पुढची दिशा मिळते. सहाणेवर वर्ष घालवलं तर ऐकू न येणाऱ्या मुलाचं ते वर्ष परत मिळत नाही.

मनगटातला मणी आजच काढा. बाळ तिसऱ्या महिन्यात मूठ तोंडात घालायला लागतं. तो मणी मग दिवसभर चोखला जातो, म्हणजे गुटी बंद करूनही वेखंड चालूच. दोरा सैल झाला, मणी सुटला, तर घशात. गळ्यात बांधला असेल तर अजून वाईट.

आता हरकत. वैद्यांनी मात्रा बरोबर सांगितली, पण वेखंडाच्या तेलातल्या बीटा-असारोनबद्दल गप्प बसले. वेखंडाच्या जाती गुणसूत्रांच्या संचावर ठरतात. अमेरिकेतल्या दोन संचांच्या जातीत हे द्रव्य जवळपास नसतं, युरोपातल्या तीन संचांच्या जातीत थोडं असतं, आणि आपल्याकडच्या चार संचांच्या जातीत तेलाचा सत्तर-ऐंशी टक्के किंवा त्याहून मोठा वाटा त्याचाच. जम्मूच्या वेखंडाचं तेल खाऊ घातलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या लहान आतड्यात गाठी झाल्या, कर्करोगाच्या. त्यानंतर १९६८ मध्ये अमेरिकेनं अन्नात वेखंड आणि त्याचं तेल घालायला बंदी केली, ती आजही आहे. युरोपच्या औषध संस्थेच्या वनौषधी समितीनं रोजची हद्द ढोबळमानानं ११५ मायक्रोग्रॅम बीटा-असारोन अशी सुचवली आहे.

कांडीत ३ टक्के तेल आणि त्यात ८० टक्के बीटा-असारोन धरलं, तर १२० मिलिग्रॅम पुडीत ते होतं सुमारे २.९ मिलिग्रॅम. म्हणजे त्या हद्दीच्या पंचवीसपट. आजोबांच्या चिमटीचं तर बोलूच नका.

---

सहाणेवरचा_वैद्य

गप्प बसलो नव्हतो, पुढच्या उत्तरात लिहिणारच होतो. असो, आकडे मान्य आहेत.

फक्त दोन गोष्टी त्यात घालतो. बीटा-असारोन उडून जाणारं द्रव्य आहे. शोधनात उकडून-वाफवून त्यातलं काही जातं. सगळं जात नाही, आणि किती गेलं हे घरी कळायचा मार्ग नाही. म्हणून 'शोधित आहे' म्हणजे 'रोज घ्या' नव्हे. दुसरं, उंदरांना ते खाण्यातून दीर्घकाळ, रोज दिलं होतं. आठ दिवसांच्या औषधाला तोच निकाल जसाच्या तसा लावता येत नाही, पण चार महिने सलग चाटणाऱ्याला तो लावायलाच हवा. आजोबांचं चाटण बंद करा, यावर आपल्या दोघांचं एकमत आहे. कफाला सुंठ-गूळ, वाफ, कोमट पाणी. खोकला दोन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त आलं, दम लागला तर छातीचा फोटो. वेखंडानं खोकला दबला म्हणून आतला आजार थांबत नाही.

तयार औषधांत वचा कुठं असते तेही बघा. सारस्वत चूर्णात बाकी सगळ्या द्रव्यांच्या वजनाएवढी एकटी वचा असते, म्हणजे चूर्ण निम्मं वेखंडच. लोक ते पोरांना परीक्षेच्या आधी 'बुद्धीसाठी' चमच्यानं चारतात आणि मग पोटात ढवळतंय म्हणून तक्रार करतात. ढवळणारच. सारस्वतारिष्टातही वचा आहे, आणि अरिष्ट असल्यामुळं आंबून तयार झालेला मद्यांशही. बाटलीवरची घटकांची यादी वाचायची सवय लावा. तिथं 'वेखंड' लिहिलेलं नसतं, 'वचा' असतं.

---

तांबडा_पांढरा

वरचे दोघं आत काय जातं त्यावर बोलले. मी बाहेरच्या वापराचं सांगतो, कारण वेखंडाचा खरा उपयोग तिथंच हाय.

टाळूला पूड. सर्दी झाली की तेल लावून वर पूड दाबायची ही पद्धत. पूड बाळाच्या तोंडावर डबा हलवून टाकू नका, हवेत उडाली की थेट छातीत जाते, ठसका लागतो, फुप्फुस सुजू शकतं. टाल्कम पावडरला जी भीती तीच हिथं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला पूड नकोच. मोठ्या पोराला लावायची तर बाजूच्या खोलीत स्वतःच्या तळहातावर तेलात कालवायची आणि मग तळपायाला चोळायची, टाळूला न्हाई. कानात, नाकात, बेंबीत अजिबात न्हाई.

लेप. मोठ्यांच्या डोकेदुखीला, जड झालेल्या कपाळाला सुंठ आणि वेखंड सारखंच उगाळायचं, कोमट करायचं, पातळ थर द्यायचा. पंधरा-वीस मिनिटं. लेप वाळून ओढायला लागायच्या आधी ओल्या फडक्यानं काढायचा. कडक वाळलेला लेप खरवडला की कातडी निघते आणि दोष वेखंडाला. पापणीजवळ न्यायचा न्हाई. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका देऊन दुसऱ्या दिवशी बघा, लाल झालं किंवा खाजलं तर विषय संपला. तान्ह्याच्या छातीला गरम लेप नको. आपल्या हाताला कोमट लागतं ते त्यांना भाजतं.

उटण्यात घालताना वीस भागांत एक भाग पुरे. जास्त घातलं की वासही नको होतो आणि दाढी केलेल्या गालाला झोंबतं.

धुरी. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर वेखंड, ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या साली टाकतात. वास चांगला, पण पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून, बाजेखाली शेगडी ठेवून करतात ते जिवावरचं काम हाय. धुराचा त्रास दिसतो तरी. निखाऱ्यातनं कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याला वासही नसतो न् रंगही. बाळंतीण झोपली असं वाटतं आणि ती बेशुद्ध असते. धुरी करायचीच तर सोप्यात (बाहेरच्या पडवीत) करा, लंगोट-दुपटी दोन-तीन मिनिटं त्या धुरावर धरा, झटका, मग आत न्या. बाळाला धुरावर धरायचं न्हाई, आणि निखारा रात्रभर खोलीत ठेवायचा न्हाई.

आता तांदूळ. वेखंडानं किडं पळतात ते खरंय. ज्या बीटा-असारोनबद्दल डॉक्टर बोलले तेच द्रव्य किड्यांची वीण थांबवतं. म्हणजे गुण आणि दोष एकाच गोष्टीत. खायच्या धान्यात कांडी उघडी टाकू नका, पूड तर न्हाईच. आजऱ्याचा घनसाळ घरात असंल तर त्याच्याजवळसुद्धा नको, घनसाळचा सुवास मारून टाकतं आणि भात शिजला की औषधाच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. खायच्या तांदळाला कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला बास. पेरणीसाठी राखलेलं कडधान्य असंल तर किलोला दहा ग्रॅम वेखंडपूड चोळा, डब्यावर 'बियाणं, खायचं नाही' असं मोठ्या अक्षरात लिहा. न्हाईतर लक्ष्मीपुरीतनं आणलेली डाळ आणि हे बियाणं एकाच फळीवर, आणि घाईत सूनबाई आमटीला तेच टाकणार.

घोंगडं, शालू, जुन्या वह्या ठेवलेल्या ट्रंकेत वेखंड एक नंबर. सुती पुरचुंडीत चार-पाच तुकडे, कोपऱ्यात. कापडाला थेट चिकटू देऊ नका, तेलाचा डाग पडतो. दिवाळीला जुने तुकडे काढून नवे घाला. डांबराच्या गोळ्यांपेक्षा हे बरं, फक्त पोरांच्या हाताला लागंल असं नको.

---

चिमणीची_मावशी

मणी काढला. आजी रुसली, पण 'चोखतीय' म्हटल्यावर स्वतःच कात्री आणली. गुटीच्या पुड्यातलं वेखंड ट्रंकेत गेलं.

दोन गोष्टी राहिल्या. बहीण स्वतः पाजते आहे, तिला बाळंतपणाच्या लाडवात वेखंड घालायचं म्हणतात. आणि आजोबा रात्री झोपेची गोळी घेतात, त्याचा आणि वेखंडाचा काही संबंध? शिवाय चुकून कुणी जास्त गिळलं तर घरात काय करायचं ते लिहाल का?

आणि गच्चीवर कुंडीत लावता येतं का? आजीला हातात काहीतरी वेखंडाचं हवंच आहे.

---

सहाणेवरचा_वैद्य

लाडवात नको. पाजणाऱ्या आईच्या पोटातलं तेल दुधात किती उतरतं हे मोजून ठरलेलं नाही, आणि लाडू दिवसाला दोन-दोन खाल्ले जातात, म्हणजे मात्रा हातात राहतच नाही. डिंक, आळीव, खोबरं, सुंठ एवढ्यावर लाडू चांगला होतो. गरोदरपणात तर वेखंड पोटात घ्यायचंच नाही, उलटीच्या भीतीनंही आणि गर्भाच्या काळजीनंही.

झोपेची गोळी आणि वेखंड एकत्र नको. वेखंडातली द्रव्यं गुंगी वाढवतात. दोन्ही मिळून आजोबा रात्री बाथरूमला उठताना पडतील. फिट येण्यावर, मानसिक आजारावर, दारू सोडवण्यावर जी औषधं चालू असतात त्यांच्याबरोबरही तेच. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना 'वेखंड, अश्वगंधा, सारस्वतारिष्ट घेत होतो' हे स्पष्ट सांगा. 'आयुर्वेदिक काय विचारत नाहीत' म्हणून लोक लपवतात, आणि मग शुद्धीवर यायला वेळ का लागतोय हे कुणाला कळत नाही.

---

गगनबावडा_पाऊस

कुंडीत छान येतं. आपल्या भागातलं हवामान त्याला मानवतं, फक्त पायाखाली कायम ओल पाहिजे.

भोक नसलेलं बारा-चौदा इंची टब घ्या. खाली गाळाची किंवा शेताची चिकण माती, त्यात थोडं शेणखत. कोंब असलेले बोटाएवढे तुकडे जूनमध्ये आडवे, दोन इंच खोल दाबा. शेतात लावायचं तर दोन रोपांत तीस सेंटिमीटर अंतर, टबात तीन तुकडे पुरे. पानं तलवारीसारखी वर येतात. चुरगळून वास घ्या, वेखंडाचाच वास आला पाहिजे. फुलं नसताना आयरिसची पानं तशीच दिसतात, पण त्यांना हा वास नसतो आणि आयरिसचं खोड पोटात गेलेलं चांगलं नाही. रोपवाटिकेतून आणताना पान चुरगळूनच घ्या.

लोक पाणी वर साचवून ठेवतात आणि डेंग्यूच्या अळ्या पाळतात. पाणी मातीच्या बरोबरीला ठेवा, वर तळं नको. ठेवायचंच असेल तर दोन गप्पी मासे सोडा.

दहा-बारा महिन्यांनी पानं पिवळी पडली की काढा. मुळं आणि पानं छाटा, धुवा, पाच-सात सेंटिमीटरचे तुकडे करा, सावलीत वाळवा. कडक उन्हात टाकलं की तेल उडतं आणि मागं नुसता भुसा राहतो. तुकडा वाकण्याऐवजी कट्कन मोडला म्हणजे वाळला.

ओढ्या-नाल्याच्या काठचं उपटून आणू नका. एक तर ते तिथं फार उरलेलं नाही, आणि दुसरं म्हणजे सांडपाण्यावर वाढलेलं वेखंड पाण्यातले जड धातू खोडात साठवतं. घरचं वापरलेलं साबणाचं पाणीही टबात नको.

---

बालरोग_ओपीडी

गिळल्यावर काय करायचं ते.

बाळानं कांडी चोखली किंवा पूड तोंडात गेली तर बोटाला ओलं फडकं गुंडाळून तोंड पुसून काढा. उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजणं, घशात बोट घालणं, दोन्ही नको. उलटी श्वासनलिकेत गेली तर वेखंडापेक्षा ते जास्त महागात पडतं. तूप, केळं, दूध 'उतारा' म्हणून भरवू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा, बाळ ओढत असेल तर.

किती गेलं, किती वाजता, कांडी की पूड, हे कागदावर लिहा आणि उरलेला तुकडा पिशवीत घालून बरोबर न्या. तो तुकडा फार उपयोगी पडतो, कारण 'वेखंड' म्हणून घरात काय आलेलं असतं ते वरच्या पहिल्याच उत्तरात लिहिलंय.

दोनपेक्षा जास्त उलट्या, सहा तासांत लघवी नाही, टाळू खोल गेलेली, डोळे आत, रडताना पाणी नाही, हाक मारली तरी जागं न होणं, अंग ताठणं किंवा हिसके, यातलं एकही असेल तर थांबायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळचं जे मोठं रुग्णालय असेल तिथं जा. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रीही चालू असतो. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं, डॉक्टरांनाही आणि घरच्यांनाही.

मोठ्या माणसाला उलट्या झाल्या तर घोट-घोट ओआरएस. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरच पाणी, ग्लासात अर्धं पाकीट अंदाजानं नको. आजोबांनी त्या दिवशी झोपेची गोळी घेतली असेल तर उलट्या थांबल्या तरी रात्रभर कुणीतरी जवळ झोपा आणि दोन-तीनदा हाक मारून बघा.

गुटीच्या पुड्यातलं जायफळ कुठं गेलं ते लिहिलं नाहीत. तेही ट्रंकेत टाका.